उथळ टोकाकडून खोल टोकाकडे

घरामागच्या त्या लांबट चौकोनी खड्ड्याला प्रत्येकजण वेगळं नाव देत असे. घर विकणाऱ्याने कागदपत्रांत 'जलतरण तलाव' असं लिहून दिलं होतं. शेजारचे प्राध्यापक 'पूल' म्हणत, गवंडी 'टाकी' म्हणे, आणि ज्यांच्यासाठी पुढचा सगळा खटाटोप झाला त्या वहिनी सरळ 'खड्डा' म्हणत. वहिनींचे यजमान भाऊ मात्र 'आपला तलाव' म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची नजर अशी लांब जायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडचा काठ धुक्यात बुडाला आहे. वास्तविक तलाव वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद होता. एका टोकाला तीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला पाच. त्यात पाण्याऐवजी सुकी पानं, दोन फुटक्या कुंड्या आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल होती.

तलावात पाणी असावं ही कल्पना डॉक्टरांची. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. टाके सुकले, सूज उतरली, पण काठी काही सुटेना. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत आणि बैठकीच्या खोलीतून पलंगावर, एवढाच त्यांचा प्रवास. अंगणाचं दार त्यांना परगावासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "यांना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचं ओझं हलकं होतं, पाय बिचकत नाही. आत्ता चालल्या तर चालल्या. आणखी सहा महिने असेच गेले, तर पाय हीच चाल धरून बसेल."

"आमच्याकडे तलाव आहे!" भाऊ एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाहेर बसलेले दोन पेशंट आत डोकावले.

घरी येताच भाऊ चपलासुद्धा न काढता मागच्या अंगणात गेले आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. हळूहळू पानं नाहीशी झाली, कुंड्या विरघळल्या, चप्पलही कुठे तरी गेली. निळं पाणी दिसलं, पाण्यावर सकाळचं ऊन दिसलं, आणि त्या उन्हातून काठीशिवाय चालत येणाऱ्या वहिनी दिसल्या. भाऊंना अशी दिवसाढवळ्या स्वप्नं पडायची जुनी खोड होती. नोकरीत असताना त्याबद्दल त्यांना दोनदा लेखी समज मिळाली होती, आणि दोन्ही वेळा ती वाचता वाचता ते भलतीकडेच पोचले होते.

भाऊ पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढत होते. कागदावर त्यांनी शंभराच्या वर टाक्या बांधल्या होत्या आणि त्यांतली एकही कधी गळली नव्हती. खात्यात त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. चिडवण्यासाठी ठेवलेलं ते नाव भाऊंनी पदवीसारखं मिरवलं. तेव्हा त्यांनी प्रथम दोन दिवस खपून तलावाचा नकाशा काढला. त्यात भिंतीवरच्या प्रत्येक पोपड्याला क्रमांक दिला, आणि मगच गवंड्याला बोलावलं.

गवंडी तलावात उतरला आणि थापीच्या मुठीने ठोकत फिरला. लेप भिंतीला घट्ट असला की टण्ण वाजे, सुटलेला असला की बद्द. जवळजवळ सगळीकडे बद्दच वाजलं. "साहेब, सगळं खरवडून नव्याने करायला लागणार," तो म्हणाला. भाऊंनी नकाशा पुढे केला. गवंड्याने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि अदबीने घडी घालून परत दिला.

"कागद फार सुंदर आहे साहेब. पण हे काम हाताचं आहे."

यात तसं वावगं काही नव्हतं. पण काही बोलणी कानात न जाता थेट छातीत जाऊन बसतात. "तो कागदही हातानेच काढलाय," भाऊ म्हणाले. "आणि लेपही याच हाताने होईल. तुम्ही त्रास घेऊ नका."

"अहो, करू द्या की त्यांना," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

"खिळा वेगळा आणि लेप वेगळा."

खिळ्याचा विषय त्या घरात फार नाजूक होता, तो तिथेच थांबला. गवंड्याने मात्र जाताना एक खुर्ची तलावाच्या काठाशी ओढून नीट ठेवली. त्याचं दुसरं काम त्याच गल्लीत चाललं होतं, आणि त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी तो तिथे बसून घालवू लागला. हातात थापी धरायची नाही, तोंडाने सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. असा शांतपणे सूड घेणारा माणूस भाऊंनी खात्यातही पाहिला नव्हता.

जुना लेप खरवडायला भाऊंनी पंधरा दिवस धरले होते. दोन महिने लागले. दोष छिन्नीचा नव्हता, तलावाचा होता. खोल टोकाला उतरलं की जगाचा आवाज बदलायचा. रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न रुईत गुंडाळल्यासारखे मऊ होऊन यायचे. वर आभाळाचा बरोबर वीस बाय दहाचा तुकडा दिसायचा. ढग उथळ टोकाकडून आत यायचे आणि खोल टोकावरून बाहेर जायचे. एखादा ढग मधेच रेंगाळला की भाऊंची छिन्नीही रेंगाळायची. शेजाऱ्यांना सवयच झाली: ठक ठक, ठक ठक, ठक... आणि मग शांतता. "गेले भाऊ," प्राध्यापक आपल्या गच्चीवर पुटपुटायचे.

हे प्राध्यापक भूगोलाचे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडचं ज्ञान वर्गाअभावी साचून राहिलं होतं. एका सकाळी ते काठावर आले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "भाऊ, रिकामा पूल जमिनीत फार दिवस राहत नाही. खालून भूजलाचा दाब असतो. एक दिवस अख्खा पूल होडीसारखा वर येतो."

दुसऱ्या कोणी असली बातमी ऐकून धास्ती घेतली असती. भाऊंना ती इतकी आवडली की पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरा विचार केला नाही. ते खाली उभे आहेत, हातात छिन्नी आहे, आणि तलाव अलगद जमिनीतून सुटून अंगणावरून, प्राध्यापकांच्या गच्चीवरून, पाण्याच्या उंच टाकीवरून तरंगत चालला आहे, वहिनी उथळ टोकाला बसून हात हलवताहेत. तरीही मिलिमीटर तो मिलिमीटरच. त्यांनी बागेच्या कट्ट्यापासून तलावाच्या काठापर्यंत उंची मोजायला सुरुवात केली. अकराव्या दिवशी तलाव तीन मिलिमीटर वर आलेला आढळला. प्राध्यापकांना घाम फुटला, भाऊंना आनंद झाला. मग गवंडी खुर्चीवरून उठला, कट्ट्यावर पाय ठेवला आणि कट्टा खचल्याचं दाखवून परत बसला.

पुढे भिंती आम्लाने धुवायच्या होत्या. आम्ल पाण्यात किती घालायचं ते भाऊंनी पुस्तकात पाहिलं होतं, फक्त पुस्तकात विजार कोणती घालावी ते लिहिलेलं नव्हतं. भिंती छान फेसाळल्या, स्वच्छ झाल्या. विजारीला ढोपरापासून खाली बारीक बारीक सत्तावीस भोकं पडली. तीच विजार घालून ते पाण्याच्या परवानगीसाठी आपल्या जुन्या खात्यात गेले, कारण भोकं त्यांना खिडकीपाशी उभं राहिल्यावर दिसली.

एवढा मोठा तलाव नळाच्या पाण्याने भरायचा तर खात्याचा परवाना लागे. त्याचा अर्ज काही वर्षांपूर्वी खुद्द भाऊंनीच हाताने लिहून छापायला दिला होता. खिडकीतल्या बाईंनी त्यांना ओळखलं, हसून नमस्कार केला, अर्ज वाचला आणि परत ढकलला.

"भाऊ, नऊ नंबरचा रकाना रिकामा आहे. 'तलावातील पाण्याची सध्याची पातळी.'"

"तलावच रिकामा आहे ना."

"रिकामा सोडता येत नाही."

"मग शून्य लिहितो."

"शून्यही चालत नाही." बाईंनी छापील ओळीखाली बोट ठेवलं. "हे बघा. 'हा रकाना रिकामा सोडू नये अथवा शून्य भरू नये.' तुमचीच ओळ आहे. अक्षरसुद्धा तुमच्याच वळणाचं आहे."

भाऊंनी ती ओळ पाहिली. खरोखरच सुरेख वळण होतं. घरी येऊन त्यांनी तलावात एक बादली पाणी ओतलं. खोल कोपऱ्यात त्याचं थारोळं जमलं. त्यात पट्टी बुडवून पाणी चार मिलिमीटर भरल्याची नोंद केली आणि ते पुन्हा धावत कचेरीत गेले. परवाना मिळाला. तो हातात घेऊन भाऊंनी बराच वेळ निरखला, कारण त्याची छपाई उजवीकडे दोन मिलिमीटर सरकलेली होती. या अशा निष्काळजीपणामुळे खातं कुठे चाललं आहे, या विचारात ते घरी पोचले, आणि परवाना वाचायचा राहून गेला.

मग लेपाचे तीन दिवस आले. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, घमेलं, थापी, लेप घोटायचा रंधा, सगळं नवं कोरं. पहिले दोन दिवस भिंती झाल्या आणि आश्चर्य म्हणजे त्या चांगल्या झाल्या. गवंडी दुपारी येऊन बसला, बराच वेळ बघत राहिला, आणि एकदा तर त्याने डब्याचं झाकण उघडायलाही उशीर केला. भाऊंना एवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी तळ. भाऊ पायऱ्या उतरून उथळ टोकाच्या डाव्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसले आणि सुरू झाले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पस्तीस वर्षं शाईचं काम असंच केलं होतं. ओल्या रेघेवर हात पडू नये म्हणून प्रत्येक नकाशेवाला असंच करतो.

हाताखाली लेप लोण्यासारखा पसरत होता. पांढरा पट्टा लांबत चालला. त्या पांढऱ्यावर वरून पाणी येईल, पाण्यातून पावलं दिसतील, एक, मग दुसरं. भाऊ एक एक हात मागे सरकत, उतारावरून खाली खाली जात राहिले. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी शेवटचा हात फिरवला, थापी खाली ठेवली आणि समाधानाने मान वर केली. समोर सगळा तलाव पांढराशुभ्र आणि ओला होता. त्याच्या पार पलीकडे, वीस फुटांवर, पायऱ्या होत्या. भाऊ खोल टोकाच्या कोपऱ्यात, पाच फूट उंच ओल्या भिंतींना पाठ करून, परातीएवढ्या कोरड्या जागेवर उभे होते. कागदावर काम करणारा माणूस कागदाच्या बाहेर असतो. या वेळी भाऊ कागदाच्या आत होते.

"साहेब," वरून गवंड्याचा आवाज आला. तीन महिन्यांत तो पहिल्यांदाच बोलत होता. "आम्ही खोल टोकाकडून सुरू करतो. मागे मागे येत पायऱ्यांपाशी संपवतो."

"हे सकाळी सांगायचं होतंत!"

"तुम्हीच म्हणालात, त्रास घेऊ नका."

प्राध्यापक धावत आले. त्यांनी पाच मिनिटांत चार योजना मांडल्या. पहिलीत फळ्या होत्या, दुसरीत दोर, तिसरीत आंब्याची फांदी, आणि चौथी त्यांना स्वतःलाच नीट कळली नव्हती. गवंड्याने साधी गोष्ट सांगितली: शिडी भिंतीला टेकवायची आणि वर यायचं. भिंतीवर दोन खड्डे पडतील, ते नंतर बुजवता येतील.

"भिंतीला शिडी लागणार नाही," भाऊ म्हणाले.

"मग हात धरून ओढतो."

"पाय घासतील. भिंतीला काहीही लागणार नाही. किती वेळ लागेल तळ धरायला?"

"फळी टाकण्याइतपत धरायला सहा तरी वाजतील."

"मी थांबतो," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी बादली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवले, कारण उभं राहायचंच तर जरा उंचावर राहावं. थोडा वेळ लोकांनी त्यांना पाहिलं. मग बादलीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघण्यासारखं फार काही नसतं हे ध्यानात येऊन एकेक जण कामाला गेला.

वहिनी तीन वाजता आल्या. काठी टेकत, अंगणाचं दार ओलांडून, चहाचा डबा दोरीला बांधून. त्या गवंड्याच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डबा हळूच खाली सोडला. भाऊंनी तो झेलला. चहा निम्मा सांडला होता, पण निम्मा गरम होता.

"काय दिसतं हो तिथून?"

"आभाळ," भाऊ म्हणाले. "आणि तू."

वहिनी हसल्या. पांढऱ्या तळावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. लेप अजून इतका ओला होता की त्यात ढग दिसत होते, वरून जाणारा प्रत्येक ढग खालूनही जात होता, आणि दोन आभाळांच्या मधे बादलीवर उभे भाऊ चहा पीत होते. त्यांना वाटलं, हे असंच राहिलं तरी काही बिघडणार नाही. इतक्या संथपणे त्या दोघांनी किती तरी वर्षांत दुपार घालवली नव्हती.

"एक सांगू?" वहिनी म्हणाल्या. "रागावणार नाही ना?"

"रागावून इथून जाणार कुठे?"

"मला पाण्याची भीती वाटते."

भाऊंनी डबा तोंडापासून खाली घेतला.

"लहानपणापासून वाटते. फार पाणी एकत्र दिसलं की छातीत धडधडतं. तळ दिसेनासा झाला की पाऊलच उचलत नाही."

"मग डॉक्टरांसमोर का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. तेवढ्यात तुम्ही 'आमच्याकडे तलाव आहे' असं ओरडलात. इतक्या वर्षांत तुमचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता." वहिनींनी काठीची मूठ चाचपली. "मग रोज तुम्ही खाली उतरायला लागलात. ठक ठक ऐकू यायचं. मला वाटलं, होईल तोवर धीर. पण काल भिंती झाल्या तेव्हा कळलं हा किती खोल आहे ते. मी प्रयत्न करीन हो. पण शब्द देववत नाही."

भाऊंना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांना एकदम पाय दुखत असल्याचं जाणवलं, पाठ दुखत असल्याचं जाणवलं, आणि समोरचा तो डाग नसलेला, पट्टीला लावून सरळ आलेला तळ पहिल्यांदाच कोणाचाही नाही असा वाटला. बादलीवर उभ्या माणसाला मटकन खाली बसताही येत नाही.

"मग नको उतरूस," ते अखेर म्हणाले. "चहा छान झालाय."

"बघू," वहिनी म्हणाल्या, आणि सहा वाजेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

संध्याकाळी गवंड्याने फळ्या टाकल्या. भाऊ त्यांच्यावरून ओणवे होत बाहेर आले आणि बादलीखालची गोल जागा मागे हात करून भरत आले. आता एकच गोष्ट उरली होती. नव्या लेपावर पाणी सोडलं की ते भरेपर्यंत थांबता कामा नये. मधेच थांबलं तर जिथे थांबेल तिथे भिंतीवर रेघ उमटते, आणि ती रेघ जन्मभर जात नाही. हे भाऊंनी पुस्तकात तीन वेळा वाचलं होतं. तलाव भरायला बारा तास लागणार होते.

सकाळी सहाला खात्याचा चावीवाला आला, त्याने रस्त्याकडच्या व्हॉल्व्हला लांब लोखंडी चावी लावून फिरवली आणि पाणी पडायला लागलं. भाऊ काठावर खुर्ची टाकून बसले. वहिनी उतरणार नव्हत्या हे त्यांना माहीत होतं, पण पाणी येताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे. ते खोल कोपऱ्यात जमलं, उतार चढत वर वर येऊ लागलं, पांढऱ्याचं फिकट निळं होऊ लागलं. दहा वाजता पाणी बंद झालं.

भाऊ रस्त्यावर धावले. चावीवाला चावी खांद्यावर टाकून निघाला होता.

"अहो, थांबवलंत का? रेघ उमटेल!"

"परवान्यात सहा ते दहा आहे," तो म्हणाला. "रेघेचं काही लिहिलेलं नाही."

भाऊंनी परवाना उघडला. खरंच होतं, तळाशी, बारीक अक्षरात. ते तडक कचेरीत गेले, खिडकीपाशी उभे राहिले, आयुष्यात पहिल्यांदा रागाने आवाज चढवून बोलले आणि स्वतःच दचकले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या सकाळी सहा वाजता, भाऊ. त्याच्या आधी मीही काही करू शकत नाही. वाटलं तर बसा, पाणी प्या."

ते परतले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि गवंडी खुर्चीवर होता. पाणी स्थिर झालं होतं. खोल टोकाला ते जेमतेम मांडीपर्यंत येईल एवढं होतं, उथळ टोकाला घोटा बुडेल एवढं, आणि सगळा तळ आरशासारखा स्वच्छ दिसत होता. भिंतीवर पाण्याच्या कडेला राखाडी छटा धरू लागली होती. वहिनी सर्वांत वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"उद्या सहाला."

"म्हणजे आज दिवसभर पाणी एवढंच राहणार?"

"एवढंच."

"वाढणार नाही? नक्की?"

"चावी त्याच्या खांद्यावर आहे," भाऊ म्हणाले. "नक्की."

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठी कठड्याला टेकवली, लुगड्याचा ओचा वर खोचला आणि दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं. मग तिसऱ्या. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं तशा त्या थबकल्या, तोंडाने "आई गं" म्हणाल्या, आणि त्यांनी तळावर पाऊल टेकलं.

"वहिनी!" गवंडी खुर्चीतून ताडकन उठला. "लेप अजून कच्चा आहे! पाय उमटतील!"

भाऊंना ते त्याच्याआधी कळलं होतं. त्यांच्या तोंडापर्यंत तेच शब्द आले होते. शिडी लावू दिली नव्हती, हात धरून ओढू दिलं नव्हतं, चार तास बादलीवर काढले होते. खाली टाचेचा एक पुसट, काळसर ठसा दिसत होता, आणि वहिनी दुसरा पाय उचलून थांबल्या होत्या, मान वळवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"उमटू देत," भाऊ म्हणाले.

दुसरं पाऊल पडलं. मग तिसरं. पाणी पोटरीपर्यंत आलं, उताराबरोबर गुडघ्यापर्यंत आलं. तिथे त्या पुन्हा थांबल्या. त्यांचा हात काठीसाठी बाजूला गेला, काठी तिथे नव्हती, पाणी होतं, आणि त्यांनी हात पाण्यावरच ठेवला. भाऊ काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालत होते. तलाव कुठेच तरंगत नव्हता, ऊन साधंच होतं, तरी भाऊंना पायाखाली जमीन असल्याची खात्री वाटेना. खोल टोकाला पोचल्यावर पाणी मांडीला लागलं. वहिनींनी भिंतीला तळवा टेकवला, पाचही बोटं उमटली असतील तिथे, आणि त्या वळल्या.

"तळ दिसतोय हो सगळा," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मी परत जाऊ?"

"जा की. पाहिजे तितक्यांदा जा."

त्या सहा वेळा गेल्या आणि सहा वेळा आल्या. भाऊंना रडू येत होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. गवंडीही डबा बंद करून उभाच होता. शेवटच्या फेरीनंतर वहिनी पायरीवर बसल्या, पाय पाण्यातच ठेवले आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पाणी नका सोडू. अजून एवढंच असू दे. एवढ्या पाण्यात मला जमतंय."

"साहेब, वरचा लेप कोरडा राहिला तर तडकेल," गवंडी हळूच म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात मजा नव्हती.

"मी शिंपडत बसेन. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"मग दुपारचं मी शिंपडतो," गवंडी म्हणाला. "नाहीतरी बसतोच इथे."

भाऊ त्याच भोकांच्या विजारीवर परत कचेरीत गेले. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. बाईंनी त्यांना पाहून कपाळाला हात लावला.

"भाऊ, सांगितलं ना, सहाच्या आधी पाणी नाही."

"पाणी नकोच आहे. तेच सांगायला आलो."

मंजूर झालेलं पाणी कोणी परत करायला आल्याची खात्यात नोंद नव्हती. अखेर बाईंनी कोरा कागद काढला, खिडकीतून सरकवला आणि साधा अर्ज लिहून द्यायला सांगितलं. काय नको, का नको, किती दिवस नको.

भाऊंनी पेन काढलं. पाणी नको, असं लिहिलं. कारण, असं लिहून पुढे दोन ठिपके दिले, आणि आपल्या त्या सुरेख वळणाच्या अक्षरात लिहिलं: पत्नी चालते आहे.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, आणि शिक्का उचलून हातातच धरला.

"किती दिवस, ते राहिलं, भाऊ. तारीख घालावी लागेल."

पस्तीस वर्षांत भाऊंनी एकही रकाना मोघम सोडलेला नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तिला विचारून सांगतो," ते म्हणाले.